इतर रकान्यातला नवरा

सरकारी जाहिराती वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, मुंगीच्या पावलांएवढ्या टायपात का छापतात, याचं कारण कोणी सांगत नाही. पण निवृत्त माणसं त्या वाचतात, हे सरकारला नक्की ठाऊक असावं. हेडक्लार्कांनी ती जाहिरात दोनदा वाचली. मग चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली. मग पेपरची घडी अशी घातली की जाहिरात आत आणि मथळे बाहेर, आणि स्वयंपाकघराकडे चोरून एक नजर टाकली.

खरं तर ते आता हेडक्लार्क राहिले नव्हते. गेल्याच वर्षी कार्यालयाने त्यांना भिंतीवरचं घड्याळ देऊन घरी पाठवलं होतं. पण इमारतीतली माणसं अजून त्यांना त्याच नावाने हाक मारत आणि त्यांनीही कधी कोणाची चूक सुधारली नव्हती. त्यांची बायको शाळेत विज्ञान शिकवायची. तिला दूधवाल्यापासून दाताच्या डॉक्टरपर्यंत सगळे ‘बाई’ म्हणायचे. बाहेर कोणाशी बोलताना हेडक्लार्कही ‘बाई’च म्हणत, घरात ‘अगं’वर भागायचं.

जाहिरात अशी होती की, वर्गात तंत्रज्ञान आणून शिकवणाऱ्या शिक्षकांचा शिक्षण खातं गौरव करणार. मानपत्र मिळणार, आणि त्या शिक्षकाच्या वर्गाला नवा कोरा प्रोजेक्टर.

मानपत्राचं हेडक्लार्कांना फारसं काही वाटलं नाही. ‘नवा कोरा प्रोजेक्टर’ या तीन शब्दांनी मात्र त्यांचा चहा गार झाला.

बाईंच्या वर्गात प्रोजेक्टर होता, नाही असं नाही. तो कित्येक वर्षं मुख्याध्यापकांच्या कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत सुखरूप होता. मौल्यवान वस्तू म्हणून वर्षातून एकदा तपासणीला बाहेर यायचा आणि पुन्हा आत जायचा. बाईंनी भांडभांड भांडून तो वर्गात आणला, तोवर बिचारा कपाटातच म्हातारा झाला होता. हिरवं पान त्यावर पिवळं दिसे, निळा समुद्र पिवळा दिसे. हृदयाची आकृती दाखवली तर मुलं विचारत, “बाई, याला कावीळ झालीय का?” मधेच तो घरघरायचा आणि डोळे मिटायचा. “हे वर्ष काढलं त्याने तर खूप झालं,” असं बाई जेवताना म्हणायच्या, घरातल्या आजारी माणसाबद्दल बोलावं तशा आवाजात.

“अगं, असा एक पुरस्कार आहे म्हणतात,” हेडक्लार्कांनी सहज म्हणून विषय काढला.

“असेल.”

“तू अर्ज का करत नाहीस?”

“मला शिकवायला वेळ पुरत नाही, अर्ज कुठून भरू? आणि आपणच आपली पाठ थोपटायची? हात तरी पोचतो का तिथे?” बाईंनी पर्स उचलली आणि त्या शाळेला निघून गेल्या.

दुसऱ्या कोणी विषय तिथेच सोडला असता. पण हेडक्लार्कांचं सगळं आयुष्य दुसऱ्यांचे अर्ज फेटाळण्यात गेलं होतं. अर्ज कुठल्या कोपऱ्यात, कुठल्या स्वल्पविरामाला अडकून मरतो, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार? आपण भरलेला अर्ज फेटाळणारा अजून जन्माला यायचाय, असं त्यांनी मनाशी म्हटलं. बाईंना यातलं काही कळू द्यायचं नाही, हेही ठरलं. मंजुरीचं पत्रच हातात ठेवायचं.

गुपित त्यांनी फक्त वरच्या मजल्यावरच्या इंजिनिअरांना सांगितलं. इंजिनिअर निवृत्त होते, उमेदीत पूल बांधायचे. आपला एकही पूल पडला नाही, हे ते प्रत्येक भेटीत न चुकता सांगत, त्यामुळे ऐकणाऱ्याच्या मनात उगाचच शंका यायची. त्यांनी कोणालाही न सांगण्याचं वचन दिलं. तासाभरात समोरच्या काकू वाटी परत करायच्या निमित्ताने आल्या आणि म्हणाल्या, “फोटोत बाईंना ती करड्या काठांची नेसायला सांगा. पिवळी नको. पिवळ्यात थकल्यासारख्या दिसतात.”

अर्ज मोबाइलवर भरायचा होता. हेडक्लार्कांचं बोट जाड आणि अक्षरं बारीक, पण पहिलं पान पार पडलं. दुसऱ्या पानाच्या तोंडाशीच गाडी रुतली. शिक्षकाने स्वतःसाठी अर्ज करायचा नव्हता, शिफारस दुसऱ्याने करायची होती. ‘शिफारस करणाराचे शिक्षकाशी नाते’ असा रकाना होता आणि खाली चार पर्याय: विद्यार्थी, पालक, सहकारी, इतर.

हेडक्लार्कांनी पडदा वर सरकवून पाहिला, खाली सरकवून पाहिला. नवरा कुठेच नव्हता.

“म्हणजे मी ‘इतर’?” ते इंजिनिअरांना म्हणाले. “एवढी वर्षं संसार केला, हिच्या पेपर तपासण्याच्या दिवसांत स्वतःच्या हाताने खिचडी लावून खाल्ली, आणि सरकारच्या लेखी मी इतर?”

“इतर तर इतर. दाबा.”

हेडक्लार्कांनी मान खाली घालून ‘इतर’ दाबलं. त्याबरोबर लाल अक्षरांत एक सूचना उमटली: शिफारस करणाराचा शिक्षकाशी कोणताही वैयक्तिक संबंध नसल्याचे राजपत्रित अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र जोडावे.

काकू खांद्यावरून वाचत होत्या. “मिळेल की,” त्या म्हणाल्या, “एखादं चांगलं भांडण होऊ द्या, त्याच दिवशी जाऊन घ्या.”

इंजिनिअरांनी मात्र पुलाच्या पायाची जागा शोधावी तसा बराच वेळ विचार केला. “मला सांगा, मोबाइलवरून विजेचं बिल भरायला तुम्हाला कोणी शिकवलं?”

“हिने.”

“फोटो पाठवायला?”

“हिनेच. पण बोलणी खाऊन.”

“मग झालं तर! शिकवणारी ती, शिकणारे तुम्ही. दाबा विद्यार्थी.”

खोटं लिहिण्याची हेडक्लार्कांना सवय नव्हती. पण ते जितका विचार करत गेले, तितकं हे खोटं नाहीच असं त्यांना वाटायला लागलं. त्यांनी ‘विद्यार्थी’वर टिचकी मारली. पुढे ‘इयत्ता’ आली, तिथे ‘लागू नाही’ असं लिहिलं.

शेवटची अट होती चित्रफितीची. शिक्षक तंत्रज्ञान वापरून शिकवत असतानाचं छोटं चित्रण जोडायचं. आता हे बाईंच्या नकळत कसं करायचं? इंजिनिअरांचं म्हणणं, समोरच्या इमारतीच्या गच्चीवरून दुर्बिणीने. काकूंचं म्हणणं, दुर्बीण घेऊन मुलामुलींच्या शाळेकडे बघणाऱ्या म्हाताऱ्याला पोलीस आधी धरतात आणि मग विचारतात. शेवटी हेडक्लार्कांनी आपलाच मार्ग काढला. बाईंचा विसरलेला डबा द्यायला जायचं. बाई डबा कधीच विसरत नसल्यामुळे त्यांनी घरातला एक रिकामा डबा पिशवीत घातला आणि शाळा गाठली.

फाटकावरच्या वहीत ‘कारण’ या रकान्यात त्यांनी ‘डबा’ असं सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि लांब व्हरांड्यातून विज्ञानाच्या वर्गाकडे निघाले. वर्गाची खिडकी उंच होती. पण खिडकीखाली कोणीतरी एक बादली पालथी घालून ठेवली होती. हेडक्लार्क तिच्यावर चढले, मोबाइल गजांना टेकवला, लाल गोल दाबला आणि आत बघितलं.

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायकोला शिकवताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. शाळा हा त्यांच्या लेखी बायको सकाळी जिथे जाते आणि दमून जिथून येते तो भाग.

पुस्तकांच्या दोन थप्प्यांवर बाईंनी एक काच आडवी ठेवली होती. काचेखाली त्यांचा जुना, कोपरा फुटलेला मोबाइल उताणा झोपवला होता, त्यातून निघालेली वायर प्रोजेक्टरला जोडली होती. काचेवर एक गोगलगाय होती. बोटाच्या पेराएवढीच, पण समोरच्या भिंतीवर ती म्हशीएवढी होऊन, पोट दाखवत चालली होती. पोटाखालून एकामागून एक लाटा जात होत्या, जमिनीवरून सावल्या सरकाव्यात तशा. सगळं पिवळं होतं, पण कोणाचं तिकडे लक्ष नव्हतं. शेवटच्या बाकावरची मुलं उभी राहिली होती आणि त्यांना कोणी बसायला सांगत नव्हतं.

“बाई, हिला पायच नाहीत,” एक मुलगी म्हणाली.

“नाहीत? मग चालते कशावर?”

“पोटावर.”

“घसरते का ढकलते? बघा आणि सांगा. मला माहीत नाही असं समजा.”

वर्गात असा गलका उठला की प्रोजेक्टरची घरघर ऐकू येईना. बाई मधे उभ्या होत्या, करड्या काठांच्या साडीत, हाताची घडी घालून, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की हेडक्लार्कांना क्षणभर वाटलं, ही बाई आपल्या ओळखीची नाही. ओळख करून घ्यायला हवी.

“काका!”

हेडक्लार्क बादलीवरून पडले नाहीत एवढंच. खाली शाळेचा शिपाई उभा होता.

“इथे काय करताय?”

“डबा,” हेडक्लार्क म्हणाले.

शिपायाने पिशवी घेतली, डबा उघडला, आत पाहिलं, उलटा करून पाहिला. “यात तर काहीच नाही.”

इतकी वर्षं चोख नोकरी केलेला माणूस रिकाम्या डब्यासह पालथ्या बादलीवर उभा सापडावा, याची कल्पनाच त्यांच्या कार्यालयाने कधी केली नसेल. ते निमूट खाली उतरले. शिपायाने त्यांना आपादमस्तक न्याहाळलं आणि आवाज खाली आणून विचारलं, “गोगलगाय आहे ना आज?”

“हो.”

“मग जरा बाजूला व्हा. बादली माझी आहे.” आणि तो स्वतःच वर चढला.

चित्रण झकास आलं होतं. आता ते जोडायचं राहिलं होतं, आणि हेडक्लार्कांना नेमकं तेवढंच येत नव्हतं. इंजिनिअरांना विचारलं, तर त्यांनी मोबाइल हातात घेऊन अशी काही बटणं दाबली की सगळी अक्षरं अरबीत दिसायला लागली. ती परत मराठीत आणायला कोपऱ्यावरच्या मोबाइलवाल्याकडे जावं लागलं. तेव्हा शरण जायला एकच जागा उरली.

“अगं, मला जरा अर्जाला व्हिडिओ जोडायला शिकव,” त्याच संध्याकाळी बाई शाळेतल्याच साडीत कणीक मळत असताना ते म्हणाले. “पेन्शनचं काम आहे. हयातीचा पुरावा.”

“त्याला व्हिडिओ लागतो?”

“आता लागतो म्हणतात. नुसत्या सहीवर विश्वास नाही राहिला.”

बाईंनी हात धुतले. “घ्या तुमचा मोबाइल. आधी सरावाचा एक व्हिडिओ काढा. त्या साखरेच्या डब्याला टेकवून ठेवा. लाल गोल. हं. आता माझ्या मोबाइलवर बघा, जोडायचं कसं ते.”

शिकवणी सुरू झाली आणि बरीच रंगली. साखरेच्या डब्याला टेकलेला मोबाइल बंद करायचं दोघांनाही आठवलं नाही. आठवलं तेव्हा बाईंनी तो बंद केला आणि पोळ्यांकडे वळल्या.

दुसऱ्या दिवशी बाई शाळेत गेल्यावर हेडक्लार्कांनी दार लावलं, हात पुसले आणि अर्ज उघडला. मोबाइलमध्ये दोन चौकटी शेजारी शेजारी होत्या, दोन्हींत करड्या काठांच्या साडीतल्या बाई. त्यांनी एकीवर बोट ठेवलं. चाक फिरलं. ‘आपला अर्ज प्राप्त झाला आहे. आता बदल करता येणार नाही.’ हेडक्लार्कांनी स्वतःला शाबासकी म्हणून साखरेचा जास्त चमचा घालून चहा केला. चहा पितापिता, पाठवलेलं एकदा डोळे भरून पाहावं म्हणून त्यांनी पोचपावतीतली चित्रफीत लावली.

गोगलगाय नव्हती. स्वयंपाकघर होतं. ओट्यापुढे स्टुलावर बनियनमधला एक गृहस्थ बसला होता. बनियनला खांद्यापाशी भोक होतं.

“अहो, बोट दाबून धरू नका,” चित्रातल्या बाई म्हणत होत्या, “दाराची घंटा नाही ती.”

“मग सोडू?”

“नुसतं टेकवा. मांजराच्या पाठीवरून हात फिरवतो तसं.”

“मला मांजर आवडत नाही.”

“मोबाइल तरी कुठे आवडतो? टेकवा. हे काय उघडलंत? हा हवामानाचा अंदाज आहे. ढगाळ आहे ते दिसतंय मला. मागे या. मागे म्हणजे स्टूल नाही मागे घ्यायचं!”

हेडक्लार्कांच्या हातातली बशी कलंडली. जे चित्र खुद्द काकूंनीही कधी पाहू नये, ते त्यांनी आपल्या हाताने, पोचपावतीसह, शिक्षण खात्याला पाठवलं होतं.

त्याच पावली ते खात्याच्या कार्यालयात गेले. लांबलचक टेबलं, कुरकुरणारा पंखा, फायलींचा ओळखीचा वास. माहेरी आल्यासारखं वाटावं अशी जागा, फक्त या खेपेला ते खिडकीच्या चुकीच्या बाजूला उभे होते. आत एक क्लार्क बाई शेंगदाणे सोलत बसल्या होत्या.

“चित्रफीत बदलायची आहे,” हेडक्लार्क म्हणाले.

“नियमात बसत नाही.”

हे वाक्य त्यांनी स्वतः हजारो लोकांना ऐकवलं होतं. ते समोरून इतकं खरखरीत लागतं, हे त्यांना आज कळलं.

“बरं, मग अर्जच मागे घ्यायचा आहे.”

“तो संबंधित शिक्षकांनीच लेखी मागे घ्यायचा.”

“पण अर्ज केलाय हे त्यांना माहीतच नाही!”

क्लार्क बाईंनी शेंगदाणा तोंडात टाकला. “मग सांगा त्यांना.”

सांगायचं? आठवडाभर हेडक्लार्कांनी सांगायची तयारी केली. रोज तोंड उघडत आणि भाजीत मीठ कमी आहे असं काहीतरी बोलून मिटत. त्यातून अर्ज फेटाळला जाणारच, या एका आशेवर दिवस ढकलले. आणि एका दुपारी बाई शाळेतून आल्या त्या चपला न काढताच त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या.

“आज वर्गावर पुरस्काराची समिती आली होती.”

“हो का? अरे वा.”

“नेमका प्रोजेक्टर बंद पडला. एक धड प्रयोग दाखवता आला नाही मला. त्यांनी विचारलं, तुमची शिफारस करणारा विद्यार्थी कुठे आहे? मी म्हटलं, कोण विद्यार्थी? त्यांनी नाव वाचून दाखवलं.” बाईंनी पर्स खुर्चीत टाकली. “पूर्ण नाव. सगळ्या वर्गासमोर. मुलांनी टाळ्या वाजवल्या.”

हेडक्लार्कांनी मग सगळं सांगितलं. रकाना, बादली, रिकामा डबा, सगळं. शेवटी मोबाइल पुढे केला. बाईंनी स्वयंपाकघरातली चित्रफीत पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“यात माझी मुलं कुठे आहेत?” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “एवढं करतात वर्षभर ती. पानं आणतात, किडे शोधतात, ती काच रोज पुसून ठेवतात. आणि लोकांना दिसलं काय, तर मी तुमच्यावर ओरडतेय.”

हेडक्लार्कांनी चष्मा काढून पुसला. “मी अर्ज मागे घेतो. तू फक्त सही कर.”

“आता नाही.” बाईंनी चपला काढल्या. “समिती उद्या घरी येतेय, विद्यार्थ्याची पडताळणी करायला. तुम्ही खरंच शिकलात का ते बघणार आहेत. कोणीच काही शिकलं नव्हतं असा शेरा घेऊन मला घरी बसायचं नाही.”

“मग आज जरा उजळणी...”

“परीक्षेच्या आदल्या दिवशी मी कोणालाच शिकवत नाही. जागरण करून काही येत नाही डोक्यात.”

दुसऱ्या दिवशी हेडक्लार्क सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते, वरची गुंडीसुद्धा लावून. समिती म्हणजे दोघंच निघाली: पांढऱ्या केसांच्या, कडक चेहऱ्याच्या अध्यक्षा आणि त्यांच्यामागे कागदपत्रांचं पाकीट सांभाळणारे एक सदस्य. समितीपाठोपाठ इंजिनिअर आले आणि त्यांच्यापाठोपाठ बिस्किटांची बशी घेऊन काकू.

“आपण विद्यार्थी?” अध्यक्षांनी विचारलं.

“हो.” हेडक्लार्क नकळत उभे राहिले.

“इयत्ता लागू नाही, असं लिहिलंय.”

“लागू पडेल अशी सापडली नाही.”

सदस्य खोकले. अध्यक्षांचा चेहरा हलला नाही. “चित्रफितीत आपण फाइल जोडायला शिकताय. ते जमतं का, एवढंच पाहायचंय. हा माझा पत्ता. कोणतीही एक फाइल यावर पाठवा. आणि बाई, आपण कृपया बोलू नका.”

“मी आत जाऊनच बसते,” बाई म्हणाल्या आणि खरोखर आत गेल्या.

हेडक्लार्कांनी मोबाइल उचलला. पत्ता टाकताना एक अक्षर चुकलं, ते खोडलं, पुन्हा टाकलं. इंजिनिअर कुजबुजले, “वरचं तीन टिंबांचं दाबा.”

“ते नाही हो,” काकू कुजबुजल्या, “खालचा बाण!”

एरवी हेडक्लार्कांनी एकदा इंजिनिअरांचं आणि एकदा काकूंचं ऐकलं असतं आणि दोन्ही बटणं दाबून बसले असते. पण आज त्यांनी हात वर केला, कार्यालयात गोंगाट झाला की करायचे तसा. दोघं गप्प झाले. त्यांनी बोट नुसतं टेकवलं. यादी उघडली. यादीत विजेची बिलं होती, पेन्शनचा कागद होता. त्यातलं काहीही चाललं असतं आणि सोपंही होतं. हेडक्लार्क ते सगळं ओलांडून खाली गेले. दोन चौकटी आल्या, दोन्हींत करड्या काठांच्या बाई. या वेळी त्यांनी घाई केली नाही. चष्मा वर केला, मोबाइल नाकाशी नेला, मागे भिंत आहे की ओटा आहे ते नीट पाहिलं आणि मग टेकवलं.

चाक फिरायला लागलं. फिरतच राहिलं. काकूंनी डोळे मिटून घेतले.

अध्यक्षांच्या पर्समध्ये टुण्‌ असा आवाज झाला.

त्यांनी मोबाइल काढला, फाइल उघडली, आणि हेडक्लार्कांच्या बैठकीच्या खोलीत एका वर्गाचा गलका शिरला. “बाई, हिला पायच नाहीत!” सदस्य वाकून बघायला लागले आणि त्यांचं बिस्किट चहात तुटून बुडालं, ते त्यांना कळलंसुद्धा नाही. चित्रफीत संपली तेव्हा अध्यक्षांनी ती पुन्हा सुरुवातीपासून लावली, आणि दुसऱ्या खेपेला, लाटा सरकायला लागल्यावर, त्या स्वतःशीच म्हणाल्या, “ढकलते. ती ढकलतेच आहे.”

मग त्यांनी वर पाहिलं. “हे आधी का नाही पाठवलंत?”

“तेव्हा येत नव्हतं,” हेडक्लार्क म्हणाले. “बाईंनी शिकवलं.”

आतल्या दारात बाई उभ्या होत्या. कधी आल्या कोणाला कळलं नव्हतं. त्यांनी पदराने नाक पुसलं आणि कोणालाही उद्देशून नाही अशा बेताने म्हणाल्या, “पहिल्या फटक्यात. हवामानसुद्धा नाही उघडलं.”

मंजुरीचं पत्र आलं ते हेडक्लार्कांच्या हातात नाही, थेट शाळेत आलं आणि मुख्याध्यापकांनी ते प्रार्थनेनंतर मोठ्याने वाचून दाखवलं. गौरव समारंभाच्या सभागृहात बाईंबरोबर त्यांचा सगळा वर्ग होता, करड्या काठांची साडी होती, इंजिनिअर होते आणि पहिल्या रांगेत जागा अडवून बसलेल्या काकू होत्या. शिपायाने रजा टाकली होती. मोठ्या पडद्यावर गोगलगाय आली, म्हशीएवढी नाही, अख्ख्या भिंतीएवढी, आणि मुलांनी आपापली डोकी ओळखून आरडाओरडा केला. तेवढ्यावर थांबले असते तर हेडक्लार्कांची काही तक्रार नव्हती. पण अध्यक्षांनी नियमावर बोट ठेवून अर्जातली मूळ चित्रफीतही लावायला सांगितली.

भोक पडलेलं बनियन पडद्यावर दरवाजाएवढं दिसलं. “मला मांजर आवडत नाही,” असं ते म्हणालं, आणि अख्खं सभागृह कोसळलं. लोक एकमेकांच्या खांद्यावर डोकी टेकून हसत होते. हेडक्लार्क खुर्चीत जितकं खाली सरकता येईल तितकं सरकले. मग त्यांनी व्यासपीठाकडे पाहिलं. बाई हसत होत्या. मानपत्र छातीशी धरून, डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि त्या हसताहेत. वर्गातही त्या अशाच दिसत होत्या. हेडक्लार्क हळूहळू पुन्हा वर आले, ताठ बसले, आणि शेवटी ‘मागे म्हणजे स्टूल नाही’ला सगळ्यांत मोठ्याने हसले ते त्यांनीच.

“पुढच्या वर्षी,” अध्यक्षांनी जाहीर केलं, “अर्जात ‘पती’ आणि ‘पत्नी’ हे रकाने घालण्यात येतील.” या घोषणेला टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत, हेडक्लार्क सोडले तर.

नवा प्रोजेक्टर वर्गात बसला त्या दिवशी बाईंनी मुलांना पहिल्यांदा नुसतं एक पान दाखवलं, आणि हिरवं बघून मुलं आधी गप्पच झाली आणि मग ओरडली, असं त्यांनी घरी येऊन सांगितलं. पण त्यांना सगळं सांगता आलं नाही, कारण दार वाजलं. काकू होत्या, हातात मोबाइल. त्यांना परदेशातल्या मुलीला फोटो पाठवायचा होता. काकूंच्या मागे जिन्यावर इंजिनिअर होते. त्यांच्या मोबाइलची अक्षरं अरबी झाली होती आणि ती कशी झाली याबद्दल त्यांना काही बोलायचं नव्हतं. त्यांच्या मागे आणखी खालच्या मजल्यापर्यंत माणसं उभी होती, सगळी पांढऱ्या केसांची, सगळ्यांच्या हातात मोबाइल. त्यांचं सगळ्यांचं एकच म्हणणं: त्या गृहस्थांना येऊ शकतं, तर आम्हाला का नाही?

बाईंनी क्षणभर कपाळाला हात लावला. मग पदर खोचला.

“रविवारी सकाळी. गच्चीवर. वह्या आणायच्या, चष्मे आणायचे, आणि कोणी मधेमधे बोलायचं नाही.” त्या वळल्या. “अहो, हजेरी घ्यायला आणि गप्प बसवायला मला कोणीतरी लागेल. मॉनिटर व्हाल?”

हेडक्लार्कांनी जिन्यावरच्या रांगेकडे पाहिलं. सगळ्यांच्या नजरा त्यांच्याकडे होत्या. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे कोणी असं पाहिलं नव्हतं; खरं सांगायचं तर निवृत्तीआधीही नाही. त्यांनी शर्टाची वरची गुंडी लावली, घसा साफ केला आणि पद स्वीकारलं. नेमणुकीचा आदेश मात्र त्यांनी लेखी मागितला.